आधी वजनकाट्यावर जाऊन ये

भोर

चि. निखिल,

तुझं पत्र मिळालं. जिप्सीचे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. इतकी जुनी गाडी आणि चासीला गंज नाही, म्हणजे आधीच्या मालकाने जिवापाड सांभाळलेली दिसते. आता तू विचारतोस, चाळीस हजारांत दोन इंच उंच करणारं किट बसवू का? माझं स्पष्ट मत, बसवू नकोस. निदान या वर्षी तरी नको.

आधी तुझं काम बघू. सड्यावरच्या जांभ्याच्या वाटेने रोज बागेत जायचं, आणि एप्रिल-मेमध्ये मागे आंब्याचे क्रेट भरायचे. म्हणजे दहा महिने गाडी रिकामी आणि दोन महिने ओझ्याखाली. जिप्सीला पुढे-मागे पाटेच आहेत, दोन्ही अॅक्सल अखंड. 1985 साली बाजारात आली तेव्हापासून ती रिकामी असली की उडते. गाडी जेमतेम टनभर वजनाची, आणि पाटे ओझ्याच्या हिशोबाचे. म्हणून बरेच जण एक पाटा काढून टाकतात. रिकाम्या गाडीला ते मानवतं. तुझ्या गाडीत क्रेट चढले की मात्र मागची बाजू बसेल आणि अॅक्सल बम्प स्टॉपवर आपटत राहील.

तेव्हा पहिलं काम म्हणजे वजनकाटा. रिकामी गाडी, मग भरलेली. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी. सोबत टेप घेऊन चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोज आणि वहीत लिहून ठेव. एक बाजू खाली दिसली, तर त्या बाजूचा पाटा थकलाय किंवा तुटलाय. हे कळल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नकोस. ‘हेवी पाटा टाका’ म्हणणारे भेटतीलच. पाटा दुप्पट जाड केला की तो आठपट ताठ होतो. त्याच जाडीचे दोन ठेवले तर ताठपणा दुप्पटच वाढतो. एका जाड पाट्याने गाडीचा स्वभाव किती बदलेल, ते यावरून ओळख.

मागच्या हिवाळ्यात मी माझ्या गाडीचे मागचे पाटे उतरवले. सेंटर बोल्ट काढल्यावरही ते सुटे होईनात, गंजाने एकमेकांना धरून बसले होते. हातोडीने ठोकल्यावर तपकिरी पापुद्रे पडले. आणि प्रत्येक पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्यात बोट अडकेल एवढी खाच पाडली होती. पाटे एकमेकांवर सरकले तरच गाडी मऊ चालते. असे चिकटले की लहान खड्ड्याला ते हलतच नाहीत, सगळा दणका थेट मणक्यात. वायर ब्रशने घासले, टोकं ग्राइंडरने गोल केली, मध्ये ग्राफाइट ग्रीस भरून पुन्हा बांधले. पाटा नवीन नाही, उंची तीच. पण केळदच्या वाटेवर तुझी मामी म्हणाली, ‘गाडी बदललीत का?’ खर्च झाला तो मजुरीचा आणि यू-बोल्टचा. यू-बोल्ट जुने परत लावू नयेत, ताणलेले असतात.

त्याच वेळी पाट्यांचे आणि शॅकलचे बुश बदलून घे. पॉलियुरेथेनचे टिकतात, पण ताठ असतात आणि कुरकुरतात. तुला रबराचेच बरे. एक गोष्ट मात्र मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून करून घे: बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. बहुतेक ठिकाणी घाईत जॅकवरच आवळतात.

मग पैसे घालायचे ते शॉकअपवर. सड्यावरच्या बारीक, सलग खडबडीने त्यातलं तेल तापतं, फेसाळतं, आणि शॉकअप काही वेळापुरता मरतो. नायट्रोजन भरलेले शॉकअप तिथे जास्त तग धरतात. जुने उतरवलेस की उभे धरून दांडा हाताने ओढून बघ. चांगला शॉकअप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा अडून येतो. माझा एक अर्ध्यापर्यंत सटकन गेला, मग खटकन आवाज करून अडकला. वर्षभर मी त्याच्यावर घाट उतरत होतो, हे आठवून आजही अंगावर काटा येतो.

उंचीबद्दल माझा अनुभव वाईट आहे. पूर्वी मी पुढे दोन इंच जास्त लांबीचे शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारे दुवे, लावले होते. त्याने गाडी जेमतेम इंचभर उचलली जाते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. जिप्सीत ते पुढचं टोक. त्यामुळे अॅक्सल फिरला, चाकाचा कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव, कमी झाला आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येईना. वरंध घाटात, धुक्यात, प्रत्येक वळणाला मी चाक हाताने ओढून आणत होतो. महाडला पोचल्यावर बोटं आखडली होती. आणि मिळवलं काय? अखंड अॅक्सलच्या गाडीत किटने चासी वर जाते, डिफरन्शिअलचा गोळा तिथेच राहतो. दगडाला लागतो तो गोळाच, आणि तो उचलायला मोठं टायरच लागतं. शिवाय ब्रेकचा होज, प्रॉपेलर शाफ्टचा कोन, शॉकअपची लांबी सगळं पुन्हा बघावं लागतं. गाडीत मनमानी बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. अपघात झाला तर विमेवाले आधी हेच काढतील.

सड्यावर उतरताना टायरची हवा थोडी कमी कर आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी भर. तेवढ्यासाठी लहान कॉम्प्रेसर घे, तो त्याच चाळीस हजारांत बसेल.

काट्यावरचे आकडे आले की मला कळव, मग मागचे पाटे कोणते ते ठरवू. क्रेट भरून पहिली फेरी झाली की यू-बोल्ट पुन्हा आवळून घे. पाटे जागेवर बसले की बोल्ट थोडे ढिले होतात. ताईला सांग, लोणच्याची बरणी परत द्यायची राहिली आहे, येताना आणतो.

तुझा,
मामा