पंचहौदाचा मनोरा

स्वारगेटचा चौक आज पुणें शहराचें दक्षिणेकडील मोठें दारच झाला आहे. सातारा रस्ता, शंकरशेट रस्ता, शिवाजी रस्ता व टिळक रस्ता येथें एकमेकांस भेटतात, एस. टी.चें स्थानक येथेंच. आणि २०२४ च्या सप्टेंबरांत जमिनीखालून मेट्रोही येऊन पोंचली. घोडेस्वारांच्या चौकीवरून या जागेस हें नांव पडलें असें जुने लोक सांगतात. स्वार गेले, चौकी गेली, नांव तेवढें राहिलें. येथें उतरणारा पाहुणा बहुधा सारसबागेच्या गणपतीकडे वळतो. आमचें वाचकांस सांगणें असें कीं, एखादे रविवारीं सकाळीं त्यांनीं घोरपडे पेठेच्या अंगानें उत्तरेस चालत निघावें. वाट अर्ध्या तासाचीही नाहीं. गुरुवार पेठेंत शिरलें म्हणजे घरादुकानांच्या दाटींतून एक उंच चौकोनी मनोरा अकस्मात् वर डोकावतो. हेंच पंचहौद मिशनचें पवित्र नाम देवालय; १८८५ सालचें. मनोरा देवळापासून अलग उभा आहे, इटालींत असतात तसा. त्यांत इंग्लंडांतील लफबरो गांवीं ओतलेल्या आठ घंटा आहेत. या पेठेचें जुनें नांव वेताळ पेठ! वेताळाच्या शेजारीं पवित्र नामाची घंटा वाजावी, हा योग पुण्यासच साधला.

ऑक्सफर्डजवळील काउली येथें १८६६ सालीं रिचर्ड बेन्सन या धर्मोपदेशकानें संन्यस्त वृत्तीच्या पाद्र्यांचा एक संघ स्थापिला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन हीं तीन व्रतें घेतल्यावांचून तेथें प्रवेश नसे. १८७७ च्या सुमारास या संघाचे लोक व वाँटेज येथील मठांतील भगिनी पुण्यांत आल्या. इतर गोऱ्या लोकांप्रमाणें त्यांना लष्करांत प्रशस्त बंगल्यांत राहतां आलें असतें. परंतु त्यांनीं पाण्याच्या पांच हौदांवरून नांव पडलेली ही भर पेठेंतील जागा पतकरली. जोतीराव फुल्यांचें घर येथून हांकेच्या अंतरावर होतें. या निवडीचें मोल आम्ही कमी मानीत नाहीं.

विशी-पंचविशीचा एखादा तरुण असा येथें आला म्हणजे त्याचा आठवडा कसा जात असेल? त्यांच्यांतील फादर एडवर्ड एल्विन यांनीं पुण्याविषयीं पुस्तकें लिहिलीं आहेत. १९११ सालच्या पुस्तकास तर ‘पुणें शहरांतील चौतीस वर्षें’ अशा अर्थाचें नांव आहे. ठरलेल्या वेळीं प्रार्थना, मध्यें शाळेंतील मुलें, आजाऱ्यांच्या घरीं जाणें, शुक्रवारीं उपासाचें बंधन, रविवारीं मोठी उपासना. आमच्या आजीबाईंस हें सारें सांगितलें असतें तर ‘अगोबाई, हें तर आपल्यासारखेंच सोंवळें!’ असेंच त्या म्हणाल्या असत्या. शिवाय मराठी शिकणें होतेंच. मोल्सवर्थ साहेबांचा कोश उशाशीं असला, तरी ‘ती भिंत’ आणि ‘तें दार’ कां, याचें उत्तर कोशांत मिळत नाहीं. तें चुकून हंसें झाल्यावरच मिळतें. आणि आठवड्यांतील सर्वांत हळवा दिवस म्हणजे विलायती टपालाचा. मुंबईची आगबोट आठवड्यास एकदां सुटे. त्या काळीं आईस पत्र पोंचण्यास दोन-तीन आठवडे, आणि उत्तर येण्यास तितकेच. ज्या घरांतून मुलगा शिकावयास परदेशीं गेला आहे, त्यांस हें विशेष कळेल. आमची मुलें तेथें पदवीसाठीं जातात. हा मुलगा परत येण्याची तारीख न ठरवितां निघालेला असे.

तथापि तो ज्यासाठीं निघालेला असे, त्याचीच धास्ती पुण्यांतील घराघरांतून होती, हें विसरून चालणार नाहीं. धर्मांतर म्हणजे घरांतला एक मुलगा जिवंतपणींच नाहींसा होणें. याच संघांत कांहीं काळ राहिलेले फादर नेहेम्या गोरे हे पूर्वाश्रमींचे नीळकंठशास्त्री गोरे, काशींत वाढलेले चित्पावन पंडित. १८४८ सालीं ते ख्रिस्ती झाले व १८९५ सालीं वारले. त्यांची विद्वत्ता व विरक्ती यांविषयीं विरोधकांनाही आदर होता. पण म्हणून काशींतील त्या घरचें दुःख हलकें झालें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

पंडिता रमाबाईंची वाट उलट दिशेची. पुण्यांत भेटलेल्या भगिनींच्या ओळखीनें त्या विलायतेस गेल्या आणि १८८३ सालीं वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परक्या मठांत राहूनही त्यांनीं शाकाहार सोडला नाहीं आणि प्रत्येक धर्ममताची चिकित्सा अशी केली कीं, त्यांच्या गुरुभगिनी सिस्टर जेराल्डीन त्रासून गेल्या.

आणि चहाचें प्रकरण कोणास ठाऊक नाहीं? ४ ऑक्टोबर १८९० रोजीं याच मिशनांत पुढाऱ्यांना चहा-बिस्किटें देण्यांत आलीं. कांहींनीं घेतलीं, कांहींनीं पेला नुसता हातीं धरून खालीं ठेविला. गोपाळराव जोशांनीं नांवांची यादी छापविली, आणि रानडे व टिळक एकाच पंक्तीस बसले—आरोपींच्या! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं काशीस घेतलेल्या प्रायश्चित्ताचा आधार दाखविला. रानड्यांनीं १८९२ सालीं मित्रांसाठीं प्रायश्चित्त घेतलें. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत घरांतील बाजू वाचावयास मिळते. ती जरूर वाचावी. एक पेलाभर चहानें घरोघर श्राद्धास ब्राह्मण मिळेना, यांत यजमान पाद्र्याचें काय नुकसान झालें? कांहींच नाहीं. भोगलें तें आमच्याच स्त्रियांनीं.

पुढें १९२७ सालीं दुसरे एक एल्विन पुण्यास आले. व्हेरिअर एल्विन, वय पंचवीस, ऑक्सफर्डचे. पंचहौदाशीं त्यांचा संबंध नव्हता. फादर विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघांत ते आले. तेथें अंगावर खादी, जमिनीवर पंगत, हातानें जेवण. थोड्याच दिवसांत ते साबरमतीस जाऊन गांधीजींना भेटले. १९३२ सालीं शामराव हिवाळे या मराठी मित्रासह ते मंडला जिल्ह्यांत गोंडांत राहावयास गेले आणि १९३५ च्या सुमारास त्यांनीं पाद्रीपण सोडलें. धर्म देण्यास आलेला हा तरुण शेवटीं गोंडांचीं गाणीं टिपून घेत बसला. १९५४ सालीं तो हिंदी नागरिक झाला व १९६४ सालीं वारला. श्रद्धा गेली म्हणावी कीं तिनें घर बदललें, यावर आमच्या बैठकींत दोन संध्याकाळ वाद झाला आणि निकाल लागला नाहीं.

काउलीचे पाद्री आतां पंचहौदांत नाहींत. १९७० पासून देवालय उत्तर भारतीय मंडळीकडे आहे आणि उपासना मराठींत चालते. रविवारीं गेल्यास चपला-बुटांच्या राशीपाशीं न थांबतां, नम्रपणें विचारून, मागच्या बांकावर बसावें. आणि परततांना फुले वाड्यावरून यावें, वळसा फार पडत नाहीं.