आधी घरं, मग गाळे

बीड जिल्ह्यातल्या आमच्या सिरसाळ्याच्या होऊ घातलेल्या रेल्वे स्टेशनालगत मोठं व्यापारी संकुल व्हावं, खाली-वर मिळून शंभरेक गाळे निघावेत आणि राहत्या घरांना तिथं जागाच देऊ नये, असं माझं ठाम मत होतं. पारावर, लग्नकार्यात, ग्रामसभेत मी ते बोलून दाखवलं आहे. घर कुठंही बांधता येतं, स्टेशनसमोरची जागा मात्र गावाला एकदाच मिळते, ती धंद्यालाच गेली पाहिजे, असं मी म्हणायचो. माझ्या बोलण्यावर विसंबून काहींनी मनातल्या मनात गाळ्याचे हिशेबही मांडले. ते मत आता मी सोडलं आहे, आणि ज्यांच्यासमोर ते मांडलं त्यांच्यासमोरच हेही सांगायला हवं.

त्या मतामागं कारणं होती. नगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला 1995 साली. गोपीनाथ मुंडे साहेबांनी त्याचा पाठपुरावा केला आणि गाडी न पाहताच ते गेले. नगरहून आष्टीपर्यंत गाडी आली ती 23 सप्टेंबर 2022 रोजी. बीडला ती पोचायला 17 सप्टेंबर 2025, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन उजाडावा लागला. पुढं वडवणी, तेलगाव, सिरसाळा करत रूळ परळीला भिडायचे आहेत. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती गाडी आल्यावर गावाला काहीतरी ठोस मिळावं, असं वाटणं साहजिक होतं. आमच्या डोळ्यांसमोर परळी होती. निजामाच्या काळापासून तिथं रेल्वे आहे. वैद्यनाथाचे भाविक, मोंढा, औष्णिक वीज केंद्राचा कोळसा, सगळं रुळांच्या आधारानं वाढलं. रेल्वे आली की बाजार येतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. शिवाय परळी रस्त्यावर भाड्याच्या दुकानात बसणाऱ्या आमच्या पोरांना डिपॉझिट आणि भाडं भरताना काय होतं, ते मी रोज पाहतो. त्यांना हक्काचा गाळा मिळावा, ही इच्छा खरी होती आणि आजही आहे.

पहिली शंका आली ती बीडच्या स्टेशनवर. उद्घाटनाच्या गर्दीची वर्णनं सगळ्यांनी ऐकली होती. मी पुढं एका साध्या दिवशी मुद्दाम गेलो. सुरुवातीच्या वेळापत्रकात गाडी दिवसातून एकदा यायची आणि परत फिरायची. ती आली, माणसं उतरली, पिशव्या-गाठोडी रिक्षात पडली, नातेवाईक मोटारसायकलवर बसवून घेऊन गेले. जाणारे चढले, गाडी सुटली. अर्ध्या तासात फलाट मोकळा झाला. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला आणि तो सावलीत जाऊन बसला. मी त्याच्याजवळ बराच वेळ होतो. दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. बीडसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ही गत, तर सिरसाळ्याला शंभर गाळ्यांचं काय होईल? भाडं तीस दिवसांचं आणि गिऱ्हाईक रोज अर्ध्या तासाचं, या हिशेबावर कोणतंच दुकान उभं राहत नाही.

गाड्या वाढतील, मान्य आहे. परळीपर्यंत मार्ग जोडला गेला की मालगाड्या धावतील, लांब पल्ल्याच्या गाड्याही सुरू होतील. पण गाडी गिऱ्हाईक आणते तशी घेऊनही जाते, ही गोष्ट मी कधी विचारातच घेतली नव्हती. स्वस्त तिकिटात परळी गाठता आली तर लग्नाचा बस्ता बांधायला आमची माणसं सिरसाळ्यात कशाला थांबतील? इथं नोकरी करणारे शिक्षक, बँकेतले आणि दवाखान्यातले कर्मचारी यांतले कितीतरी जण आजच परळी-अंबाजोगाईहून ये-जा करतात. गाडी सुरू झाली की परळीहून येणाऱ्यांची सोय आणखी वाढेल. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की वाड्या-तांड्यांवरच्या घरांना कुलपं लागतात आणि आमच्या दुकानदारांचा गल्ला आटतो, हे तर दरवर्षीचं आहे. बाजार चालतो तो मुक्कामाच्या माणसांवर. माणूस इथं झोपला पाहिजे, सकाळी इथं उठला पाहिजे, तरच त्याचं दूध, किराणा, पोराची वही आणि म्हातारीचं औषध इथं विकलं जाईल.

नवी मुंबईतल्या वाशीला माझा पुतण्या राहतो. तिथल्या स्टेशनवरच्या उंच इमारती आणि खालची दुकानं मी माझ्या मताला पुरावा म्हणून सांगत असे. गेल्या खेपेला संध्याकाळी त्याच्याबरोबर गाडीतून उतरून घरापर्यंत पायी चाललो आणि नीट पाहिलं. त्यानं मेथीची जुडी घेतली, इस्त्रीचे कपडे उचलले, रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, पोरीसाठी पेन्सिलींचा डबा घेतला. हे सगळं स्टेशन ते घर या वाटेवर झालं. त्याच्यासारखी शेकडो माणसं तेच करत होती. ती दुकानं गाडीतल्या प्रवाशावर चालत नव्हती, घरी परतणाऱ्या माणसावर चालत होती. घरं काढून घ्या, त्या रस्त्यावरची निम्मी शटरं महिनाभरात पडतील.

मग घरं आधी की दुकानं, हा क्रम शोधला. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको स्थापन झालं 1970 साली. वाशीत घरं उभी राहिली त्याच दशकात. लोकल वाशीला पोचली 1992 मध्ये. माणसं बरीच वर्षं आधी राहायला आली होती, स्टेशनवरचा व्यापार त्यांच्या मागून आला. सीवूड्सचा स्टेशनला जोडलेला भव्य मॉल तर कितीतरी नंतरचा. जपानातही हेच घडलेलं आहे. ओसाकाजवळ कोबायाशी इचिझो यांनी 1910 साली शेतांमधून जाणारी रेल्वे सुरू केली, तेव्हा त्या मार्गावर पुरेसे प्रवासीच नव्हते. त्यांनी रुळांलगत जमीन घेऊन इकेदा इथं घरं बांधली आणि नोकरदारांना हप्त्यांवर विकली. उमेदा स्टेशनवरचं त्यांचं प्रसिद्ध डिपार्टमेंट स्टोअर उघडलं 1929 मध्ये. ज्या माणसानं स्टेशनवरचा बाजार जगाला दाखवला, त्यानंही आधी घरं बांधली आणि दुकानासाठी एकोणीस वर्षं धीर धरला.

म्हणून आता मला वाटतं की सिरसाळ्याच्या स्टेशनालगत तळमजल्यावर मोजकी दुकानं आणि वर दोन-तीन मजले घरं असावीत. त्यातली बरीचशी भाड्याची असावीत. बदलीवर आलेली नर्स, शिकायला राहणाऱ्या मुली, पोरं पुण्याला गेलेले आणि शेत सोडवत नसलेले म्हातारे आई-वडील यांना आज सिरसाळ्यात नळाचं पाणी आणि स्वच्छ संडास असलेली खोली शोधायला वणवण करावी लागते. ही माणसं राहिली तर खालचं मेडिकल चालेल, पिठाची गिरणी चालेल, खानावळ चालेल. बाकीचे गाळे वस्ती वाढेल तसे काढावेत.

दुसरा मुद्दा जमिनीचा, आणि तो मला जास्त छळतो. स्टेशन कुठं होणार हे कळलं की दलाल फिरू लागतात. इसार देऊन शेत अडकवायचं, चुन्यानं रेघा मारायच्या आणि गुंठ्यागुंठ्यानं बॉण्डवर विकायचं. तुकडेबंदीचा कायदा 1947चा आहे, तरी मराठवाड्यातल्या गावोगावी हे झालं. नऊ फुटांचे बोळ, गटार नाही, अग्निशमनाची गाडी आत शिरत नाही. एकदा अशी गुंठेवारी झाली की पुढच्या तीन पिढ्या रस्ता रुंद करता येत नाही. मी गाळ्यांच्या नादात याकडं पाहिलंच नाही. गाळ्यांची हवा जितकी तापेल तितका गुंठ्याचा भाव चढतो आणि शेतकरी तितक्या लवकर विकून मोकळा होतो. त्याच्या हाती राहते एक मोटार आणि संपत आलेलं बँक खातं.

शेतकऱ्याला भागीदार ठेवण्याचे मार्ग याच राज्यात आहेत. नवी मुंबईत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1984 साली शेतकऱ्यांचा जमिनीसाठी मोठा लढा झाला, त्यात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर भूमिपुत्रांना साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळू लागले आणि त्यावर घरांबरोबर काही प्रमाणात दुकानांनाही परवानगी मिळाली. पुण्याजवळ म्हाळुंगे-माण इथल्या नगररचना योजनेत सुमारे 250 हेक्टर एकत्र करून शेतकऱ्याला निम्मी जमीन रस्ते-गटारांसह भूखंडाच्या रूपात परत देण्याचं ठरलं. सिरसाळ्याला इतकी मोठी योजना नको. पन्नास एकर पुरे. पण सातबाऱ्यावरचं नाव पुसलं न जाता शेतकऱ्याचा भूखंड, त्याची इमारत, त्याचं भाडं, हा क्रम इथंही बसवता येईल. नगर–बीड–परळी मार्गाचा निम्मा खर्च राज्य सरकारनं उचलला आहे. सिडकोनं नवी मुंबईच्या रेल्वेचा दोन-तृतीयांश भार घेतला आणि स्टेशनांभोवतीच्या जागेतून तो भरून काढला. इतका पैसा घालणाऱ्या राज्यानं लहान स्टेशनांभोवतीच्या आराखड्यासाठी एक नगररचनाकार द्यावा, ही मागणी काही अवाजवी नाही.

सिडकोकडूनच दुसरा धडाही घ्यावा. खांदेश्वर, मानसरोवर स्टेशनांसमोरच्या मोकळ्या जागेत तिनं घरं बांधायला घेतली तेव्हा रहिवाशांनी विरोध केला, कारण गाड्या लावायच्या कुठं आणि बस वळायची कुठं, हा प्रश्न खरा होता. आपल्याकडं स्टेशनसमोर एसटी, काळी-पिवळी आणि कापसाचा ट्रॅक्टर यांना पुरेल असं मोकळं आवार राखलंच पाहिजे. घरं त्याच्या मागं.

आणि पाणी. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष आम्ही सगळ्यांनी भोगलं आहे. वस्तीला बारमाही पाण्याची सोय कागदावर नव्हे तर नळाला दिसत नाही, तोवर दुसऱ्या मजल्याची परवानगी देऊ नये. गाळ्यांच्या काळात मी पाण्याचा विचार केला नव्हता, कारण शटर पाडून घरी जाणाऱ्या माणसाला पाणी फारसं लागत नाही. राहणाऱ्याला लागतं.

माझ्या जुन्या मताचे साथीदार विचारतात की पोरांच्या गाळ्यांचं काय. त्यांना मी एवढंच सांगतो: वर वीस कुटुंबं राहणाऱ्या इमारतीखालचा एक गाळा ओसाड संकुलातल्या दहा गाळ्यांपेक्षा बरा. तो पहिल्या महिन्यापासून चालेल.

स्टेशनच्या भिंती चढण्याआधी ग्रामसभा बोलवा. पोचरस्त्याची रुंदी, समोरचं मोकळं आवार, पाण्याचा उद्भव आणि शेतकऱ्याच्या परत मिळणाऱ्या भूखंडाचा वाटा, एवढ्या गोष्टींचा ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवा. तोवर स्टेशनजवळच्या कुणीही इसाराच्या कागदावर सही करू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.