रात्रीची कासवं जातात कुठे?

कासवाला टॅग लावणं हा आमच्या कामातला सोपा भाग. ताटाएवढं हिरवं कासव बोटीवर घ्यायचं आणि डोळ्यांवर ओलं फडकं टाकायचं, की बहुतेक वेळा ते शांत होतं. पाठीच्या मागच्या कडेला आयोडीन लावून बारीक ड्रिलने दोन भोकं पाडायची, करंगळीएवढा टॅग तारेने बांधायचा आणि वरून एपॉक्सी लावायचं. एपॉक्सी घट्ट होताना तापतं, म्हणून थर पातळच हवा. कडा बोटाने फिरवून गुळगुळीत करायच्या, नाहीतर तिथे गवत अडकतं, दोरा अडकतो. टॅगचं ओझं कासवाला जाणवता कामा नये, त्यामुळे आधी कासव तोलायचं आणि मगच टॅग निवडायचा. परवाना हातात नसेल, तर यातलं काहीही करायचं नाही.

खरं काम सुरू होतं ते कासव पाण्यात परत गेल्यावर.

कोकणातल्या वाचकांना 2022 मधली ‘प्रथमा’ आठवत असेल. वेळासच्या किनाऱ्यावर तिच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारा ट्रान्समीटर बसवला होता. ती पूर्ण वाढलेली ऑलिव्ह रिडले मादी होती, तिला ते यंत्र पेलत होतं. फूटभर लांबीच्या पिल्लाला तेवढं ओझं देता येत नाही. शिवाय रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत. कासव श्वास घ्यायला वर येईल तेवढ्या काही सेकंदांतच काय ते कळणार. पाण्यात लांबवर जातो तो आवाज. म्हणून आमचा टॅग 69 किलोहर्ट्झवर टिकटिकतो. माणसाचा कान 20 च्या आसपासच थकतो, त्यामुळे आम्हाला त्यातलं काही ऐकू येत नाही. प्रत्येक टॅगची टिकटिक वेगळी. दोन टिकटिकींमधलं अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवलेलं असतं, म्हणजे दोन कासवं सतत एकाच वेळी बोलत राहत नाहीत. समुद्रतळावर काँक्रीटच्या ठोकळ्यांना रिसीव्हर उभे बांधलेले असतात. ते ऐकतात आणि क्रमांक व वेळ लिहून ठेवतात. कासव कुठल्या दिशेला होतं, काय करत होतं, याबद्दल एक अक्षर नाही.

मी हे काम कॅरिबियनमध्ये करते, सेंट थॉमस बेटावरच्या ब्रुअर्स बेमध्ये. एका अंगाला विमानतळाची धावपट्टी समुद्रात घुसलेली, दुसऱ्या अंगाला विद्यापीठ, आणि मधल्या उथळ पाण्यात कासवांची पोरं. लहानपणीची काही वर्षं भर समुद्रात काढून ती इथे वाढायला येतात. हिरवी कासवं गवतावर, तर हॉक्सबिल खडकांजवळच्या स्पंजांवर. त्या गवतातली एक जात मूळची आपल्या हिंदी महासागराकडची; कॅरिबियनमध्ये ती 2002 साली ग्रेनाडाला पहिल्यांदा सापडली. परक्या पाण्यात गावचं माणूस भेटावं, तसं मला ते गवत पाहून वाटतं. बाकीच्यांना ते आक्रमक तण वाटतं, आणि त्यांचंच बरोबर आहे.

आता रात्रीचं कोडं. रिसीव्हरमधली नोंद उतरवून आलेख काढला, की दिवसा भरपूर ठिपके दिसतात आणि सूर्य मावळला की ते विरळ होतात. नवा विद्यार्थी लगेच नकाशावर बाण काढतो: कासवं रात्री खोल पाण्यात जातात. मी त्याला दुसरा आलेख दाखवते. आम्ही एक टॅग कासवाला न लावता तळावरच्या ठोकळ्यालाच बांधून ठेवतो. त्याचे ठिपकेही रात्री विरळ होतात. ठोकळा तर कुठे गेलेला नसतो! मग? खडकांत एक बोटभर लांबीची कोळंबी राहते. ती नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा फुटून फटाका वाजतो. अंधार पडला की अशा हजारो नांग्या तडतडतात आणि त्या गोंगाटात टॅगचा आवाज बुडतो. वारा सुटला, लाटा वाढल्या, बोट गेली, तरी तेच. शांत पाण्यात काही शे मीटरवरून येणारी टिकटिक अशा वेळी निम्म्या अंतरावरही पोचत नाही.

म्हणून कासवाचा आलेख एकटा वाचायचा नाही, ठोकळ्याच्या आलेखाशेजारी ठेवून वाचायचा. ठोकळ्याच्या मानाने कासव किती जास्त गप्प झालं, तेवढीच आपली माहिती. आणि त्या गप्पपणाचाही अर्थ ‘निघून गेलं’ असा होतोच असं नाही. एकदा रात्री टॉर्च घेऊन खाली गेले होते. रिसीव्हरपासून हाकेच्या अंतरावर, खडकाच्या कपारीत एक हॉक्सबिल मागचं अंग आत घालून झोपलेलं होतं. टॅग आतल्या भिंतीकडे. नोंद उतरवली तेव्हा त्या तासाला त्याच्या नावावर काहीच नव्हतं. मी त्याच्यासमोर होते, आणि यंत्राच्या लेखी ते गायब!

उलटंही होतं. दोन टॅगचे आवाज एकमेकांत मिसळले, की रिसीव्हर तिसराच क्रमांक लिहून ठेवतो, न लावलेल्या टॅगचासुद्धा. त्यामुळे दिवसभरात एकदाच आलेली नोंद आम्ही बाद करतो. कित्येक महिने न दिसलेल्या कासवाचा क्रमांक असा एकदाच उमटला, की बाद करताना हात अडखळतो, पण करावंच लागतं. काही टॅग पाठीवरून सुटून गवतात पडतात आणि एकाच जागेवरून आठवडेच्या आठवडे इमानाने टिकटिकत राहतात. आलेख इतका सुरेख येतो की संशयच यावा.

सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा आणि मारिया ही दोन महाचक्रीवादळं दोन आठवड्यांच्या अंतराने या बेटांवर आली. तेव्हा मी इथे नव्हते. ब्रुअर्स बेमध्ये टॅग लावलेल्या कासवांवरचा अभ्यास 2019 मध्ये छापून आला, तो मी वाचला. बेटावरची छपरं उडत होती, पण बरीच कासवं आपला परिसर सोडून गेली नव्हती. वादळात तर पाण्यातला गोंगाट टिपेला पोचतो. तरीही त्यांचे आवाज पकडता आले, यात मला कासवांइतकंच त्या रिसीव्हरांचं कौतुक वाटतं.

सुट्टीत गावी आले की लोक विचारतात, हे कोकणात का नाही करत? माझं उत्तर सरळ असतं. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात पहिल्याच हंगामात ठोकळ्यासकट रिसीव्हर जातील. आधी बोटवाल्यांशी बोलणं, मग यंत्रं. तोवर आपल्याकडे त्याहून साधी गोष्ट आहे. मार्च 2021 मध्ये ओडिशात एका मादीच्या फ्लिपरला धातूचा बिल्ला लावला होता. जानेवारी 2025 मध्ये ती गुहागरला अंडी घालायला आली, हे कळलं ते किनाऱ्यावरच्या माणसांनी तो बिल्ला वाचला म्हणून. बॅटरी नाही, टिकटिक नाही. तेव्हा जाळ्यात किंवा वाळूवर कासव दिसलं तर आधी त्याचे पुढचे फ्लिपर बघा. बिल्ला असेल तर क्रमांकाचा फोटो घ्या, बिल्ला काढू नका आणि वनविभागाला 1926 वर कळवा. पावसाळ्यात वाहून आलेलं थकलेलं पिल्लू असेल, तर ते समुद्रात परत ढकलू नका. सावलीत ठेवा आणि वनविभागाची माणसं येईपर्यंत थांबा.