मागाहून आलेलं पत्र

1956च्या जूनमध्ये नेओमी गिन्सबर्ग न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात वारली. मुलगा, कवी ॲलन, तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्कलीत. आधी ती गेल्याची बातमी पोचली, मग तिने लिहिलेलं पत्र. लग्न कर, ड्रग्जच्या नादी लागू नकोस, असं बजावणारं.

अशा पत्राला उत्तर कुठे धाडायचं? त्यात एकविसाव्या वर्षी तिच्या मेंदूवरच्या शस्त्रक्रियेला याच मुलाने सही करून संमती दिलेली. दफनाला दहा ज्यू पुरुष जमले नाहीत, म्हणून मृतासाठी म्हणायची ‘कद्दिश’ ही प्रार्थनाही राहून गेली. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवेना झाला की घरातलं कुणी पुढे होऊन गेलेल्याला शब्द देतं, तुझं राहिलेलं मी करीन म्हणून. ॲलनने तसंच केलं. ‘कद्दिश’ त्याने स्वतः रचली. 1961 साली ती पुस्तकात आली आणि आईचे पत्रातले शब्दही तिच्यात आले. त्याच्या ‘हाउल’ या कवितेवर अश्लीलतेचा खटला झाला, त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. मला तो कवी उमगला तो या पत्रापाशी.

पुढच्याच वर्षी तो भारतात आला. मुंबई, कलकत्ता करत काशीला दशाश्वमेधाजवळ बिऱ्हाड करून राहिला. त्या काळच्या रोजनिशीत स्वप्नं आहेत, नशा आहे, अर्धवट सुटलेल्या ओळी आहेत. आणि पुन्हापुन्हा स्मशान. निमतल्ला, मणिकर्णिका. जळणारं प्रेत तो अवयव-अवयव टिपतो, नजर काढून घेत नाही. काही पानं वाचवत नाहीत. तरी त्यात बघ्याची हाव मला दिसत नाही. आईच्या दफनाला जो नव्हता, तो इथे परक्यांच्या चितांपाशी थांबून राहतो.

वडील लुई शाळामास्तर, छंद-यमकात लिहिणारे कवी. बापलेकांचे वाद व्हायचे, पण पत्रं थांबली नाहीत. मला वाटतं, उशिरा पोचलेल्या त्या एका पत्राने त्याला शिकवलं होतं, की पलीकडे कुणी वाचणारं आहे तोवर लिहायचं. 1964 साली कलकत्त्यात ‘भुकेली पिढी’ या बंगाली साहित्यचळवळीतल्या कवींना अटक झाली, तेव्हा त्याने अमेरिकेतून तिथल्या प्रतिष्ठित साहित्यिकांना पत्रं लिहिली, आणि या पोरांच्या पाठीशी उभं राहत नाही म्हणून त्यांना खडसावलं.