मुक्ताला, मागच्या स्प्रॉकेटबद्दल

कोल्हापूर

चि. मुक्ता,


तू पाठवलेले तुझ्या सायकलचे फोटो मोठे करून पाहिले. इंजिन फ्रेममध्ये चांगलं बसलंय, टाकीही सरळ आहे. मागच्या चाकापाशी मात्र नजर अडली. ४४ दात्यांचं ते स्प्रॉकेट तू थेट तारांवर आवळलंयस. तारांच्या आत एक रबरी चकती, बाहेर एक, आतून तीन कमानदार पट्ट्या आणि नऊ बोल्ट. इंजिनाच्या किटमध्ये असंच येतं आणि तिकडे अमेरिकेत पुष्कळ लोक असंच चालवतात, हे मला ठाऊक आहे. तरी मला ते पटत नाही. का पटत नाही ते फोनवर अर्धवट राहतं, म्हणून लिहितोय. कागद कामाच्या टेबलावर ठेवता येईल.

जोर कुठून कुठे जातो, ते आधी बघ. पायडल मारलं की चेन फ्रीव्हील फिरवते, फ्रीव्हील हबवर आट्यांनी घट्ट असतं, आणि हबची कड तारांना त्यांच्या बाकापाशी ओढते. तार जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. ओढ सोसण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, पण वाकणं तिला सोसत नाही. म्हणूनच मागच्या चाकात तारा एकमेकींना छेदून तिरप्या विणतात, म्हणजे हब फिरला की तारेला सरळ ओढच मिळते. आता तुझं इंजिन. आतल्या गिअरमध्ये साधारण ४.१ पट, पुढे १० दात्यांवरून ४४ वर म्हणजे ४.४ पट. दोन्ही मिळून इंजिनाचा पीळ चाकापर्यंत अठरापट होतो. तेवढाही काही राक्षसी नाही. चढावर उभं राहून पायडल मारणारा माणूस त्याच्या जवळपास जातो. फरक दोन गोष्टींत आहे. टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला पेटतं, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना सेकंदाला ५० ठोके. आणि हे ठोके हबमधून न येता तारांना मधेच चिमटीत धरून येतात. रबर दबतं, सुटतं, तार कडेच्या भोकात किंचित हलते. दिसत काहीच नाही. पण बाकापाशी धातू थकत जातो आणि एक दिवस तार तिथूनच तुटते. एक तुटली की चाक आउट होतं आणि तिचा भार शेजारणींवर पडतो.

नऊ बोल्ट का, याचा विचार केलास का? ३६ तारांच्या चाकात दर चार तारांमागे एक बोल्ट, बरोबर नऊ. तुझं चाक ३६ चं आहे, म्हणून ते निदान बसलं. आजोबांच्या काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा होत्या, आपल्याकडच्या जुन्या उंच सायकलींची हीच रीत. त्या चाकावर हे नऊ बोल्ट सारख्या अंतरावर बसलेच नसते. एवढ्यावरूनच कळतं, की या जोडणीचा आधार हब नाहीच, तारांमधल्या फटी आहेत.

माझं म्हणणं एकच: स्प्रॉकेट हबवर बसव. त्याचे दोन मार्ग मला दिसतात. तुझं मागचं हब उलट्या पायडलच्या ब्रेकचं असेल, तर डाव्या बाजूला कडेच्या बाहेर हबचं नळकांडं थोडं पुढे आलेलं असतं. त्यावर दोन अर्धांचा ॲल्युमिनियमचा क्लॅम्प बसतो आणि क्लॅम्पवर स्प्रॉकेट. डिस्क ब्रेकचं हब असेल तर काम आणखी सोपं, कारण तिथे ४४ मिलिमीटरच्या वर्तुळावर आट्यांची सहा भोकं तयारच असतात आणि तीही डावीकडे, जिथे तुझ्या इंजिनाची चेन येते. मात्र ते ठिकाण स्प्रॉकेटला दिलंस तर तिथला ब्रेक गेला. मग रिमवरचा चांगला ब्रेक आधी लाव, इंजिन नंतर.

क्लॅम्पचं सगळं यश मापात आहे. हबचं बाहेरचं अंग दिसतं गोल, पण निमुळतं असू शकतं. म्हणून व्हर्नियरने कडेजवळ, मधे आणि टोकाशी असं तीन जागी माप घे, आणि प्रत्येक जागी आडवं-उभं दोन्ही. क्लॅम्पचं भोक त्या मापाला कातलेलं हवं. आवळल्यावर दोन अर्धांमध्ये दोन्हीकडे सारखी बारीक फट उरली पाहिजे. अर्ध एकमेकांना टेकले, की बोल्ट कितीही आवळ, जोर त्या अर्धांनाच एकमेकांवर दाबण्यात जातो आणि हबला पकड मिळत नाही. हे डोळ्यांनी दिसतं, तेव्हा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

तू डेटनमध्ये आहेस, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. राइट बंधूंचं सायकलचं दुकान तुमच्याच गावातलं. १९०३ च्या नोव्हेंबरमध्ये किटी हॉकजवळ ते विमानाचं इंजिन चालवून बघत होते, तेव्हा त्यांचं घोडं अडलं ते स्प्रॉकेटपाशी. इंजिनाच्या आठ दात्यांवरून चेन पंख्यांच्या दांड्यांवरच्या २३ दात्यांवर जायची. इंजिन नीट पेटत नव्हतं, गचके बसत होते आणि दांड्यांवरची स्प्रॉकेटं सैल होत होती. नट आवळून झाले, दांडे दुरुस्तीला डेटनला पाठवून परत आणले, तरी तेच. शेवटी त्यांनी सायकलच्या रिमवर टायर चिकटवायचं कडक सिमेंट घेतलं, दांडे आणि स्प्रॉकेटं तापवली, आट्यांमध्ये ते वितळवून भरलं आणि पुन्हा पिळून बसवलं. स्प्रॉकेटं त्यानंतर हलली नाहीत. पुढे पोकळ दांड्याला चीर गेली, त्यांच्यातला ऑर्व्हिल स्वतः डेटनला जाऊन भरीव पोलादाचे दांडे घेऊन आला, आणि १७ डिसेंबरला विमान उडालं. मला ही माणसं फार जवळची वाटतात. आभाळात जायचं असलं तरी सैल नटाला त्यांनी क्षुल्लक मानलं नाही.

ते सिमेंट आता लागत नाही. १९५३ साली व्हर्नन क्रीबल या रसायनाच्या प्राध्यापकाने शोधलेलं लॉकटाइट तिकडे कुठल्याही दुकानात मिळेल. हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला, की ते आट्यांमध्ये घट्ट होतं. निळं घे, म्हणजे पुढे पान्याने नट उघडता येईल. लालला तापवावं लागतं. आधी आटे तेल काढून कोरडे कर, नाहीतर ते धरणार नाही.

आता केंद्र. स्प्रॉकेटचं मधलं भोक हबपेक्षा ढिलं असतं, त्यामुळे नुसतं टेकवून आवळलं तर ते एका अंगाला सरकलेलं राहतं. मग दर फेऱ्यात चेन एकदा ताणते, एकदा लोंबते. बोल्ट अर्धेच आवळून ठेव. फ्रेमच्या मागच्या दांडीला एक तार बांध, तिचं टोक दात्यांच्या शेंड्याजवळ आण आणि चाक सावकाश फिरव. जिथे टोक घासतं तिथे लाकडी हातोडीने हलकेच ठोक. वरखाली आउट निघाला, की तेच टोक बाजूला लावून डावा-उजवा आउट बघ. मग समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे करत आवळ, एका बाजूने ओळीत नको. या कामाला घाई चालत नाही. मी असतो तर दुपार यातच घालवली असती.

चेन सर्वांत ताणलेली असते त्या जागी तपास आणि तिथे साधारण अर्ध्या इंचाची ढील ठेव. किटमधला तो रुळाचा टेन्शनर शक्य तर लावूच नकोस. तो फ्रेमच्या गोल नळीला आवळलेला असतो. सरकला तर थेट तारांत जातो आणि चाक जागच्या जागी बंद पडतं. याची मला खरोखर भीती वाटते. चेनची कडी कमी कर, अर्धी कडीही मिळते, आणि चाक मागच्या खाचेत सरकवून ताण जमव. चेन पिनियनपासून स्प्रॉकेटपर्यंत एका रेषेत आहे का ते सरळ पट्टी लावून बघ. नसेल तर स्प्रॉकेट उलटून बघ. त्याला खोलगटपणा असतो, त्यामुळे चेनची रेषा काही मिलिमीटर आत-बाहेर होते.

तुझी आई पुढच्या महिन्यात तिकडे येतेच आहे. हबची सगळी मापं मिलिमीटरमध्ये आणि स्प्रॉकेटच्या नऊ भोकांचं वर्तुळ मला कळव. उद्यमनगरातल्या माझ्या ओळखीच्या लेथवर क्लॅम्प कातून तिच्या सामानात देतो, सोबत नायलॉनच्या कड्यांचे नटही. तोवर इंजिनाची चेन काढून ठेव आणि कॉलेजला पायडल मारतच जा.

तुझा
मामा