जांघेतला प्रत्येक चट्टा गजकर्ण नसतो

जांघेत, काखेत लालसर-तपकिरी चट्टा दिसला की आपल्याकडे निदान ठरलेलंच असतं: गजकर्ण. मेडिकलमधून ट्यूब येते, आणि ती संपली तरी निदान बरोबर होतं का, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की घड्यांमधले काही चट्टे बुरशीचे नसतात, जिवाणूंचे असतात. एरिथ्रॅझ्मा हा त्यातला फार फसवा. त्याला फसलं म्हणून कुणाला हसू नये. नाव पडल्यावर जवळपास शंभर वर्षं डॉक्टरही त्याला बुरशीच समजत होते. १९६१ साली सारकनी, टॅप्लिन आणि ब्लँक यांनी तो कोरिनेबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूमुळे होतो, हे दाखवलं. गजकर्णाची कड सहसा उठावदार असते, मधला भाग निवळतो, खाज पिच्छा सोडत नाही. एरिथ्रॅझ्माचा चट्टा सर्वत्र सारखा, बारीक कोंड्याचा. खाज बहुधा थोडी किंवा नसतेच. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत मात्र तो नुसत्या पांढुरक्या, भिजल्यासारख्या कातडीच्या रूपात राहतो. घाम, लठ्ठपणा आणि मधुमेह त्याला मानवतात.

यावर कुणी म्हणेल, क्लोट्रिमॅझोलसारखं मलम दोघांवरही थोडंफार चालतं, मग एवढी चिकित्सा कशाला? आक्षेप खोटा नाही. पण दुकानातून उचललेल्या ट्यूबमध्ये अनेकदा स्टेरॉइडही मिसळलेलं असतं. त्यानं लाली दबते, बरं वाटतं, आणि खरोखर गजकर्ण असेल तर ते आतून पसरतं; शिवाय घड्यांतली नाजूक कातडी पातळ होऊन तिच्यावर पांढुरके व्रण उमटतात. एरिथ्रॅझ्मावर फ्युसिडिक ॲसिड किंवा क्लिंडामायसिनचं मलम पुरतं. पसरलेला असेल तर डॉक्टर क्लॅरिथ्रोमायसिन पोटातून देतात. पण म्हणून जिवाणूनाशकही सर्रास नको. बुरशीवर ते निरुपयोगी, आणि उगाच वापरलं की जिवाणू निर्ढावतात. दोन्ही एकत्रही असू शकतात, हे वेगळंच.

दुसरा आक्षेप साधनांचा: तपासणी कुठून आणायची? बुरशीसाठी चट्टा खरवडून पोटॅशच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एरिथ्रॅझ्मासाठी वुड्स लॅम्प हा अतिनील दिवा लागतो. अंधाऱ्या खोलीत त्याखाली चट्टा पोवळ्यासारखा लाल चमकतो, कारण हे जिवाणू पॉर्फिरिन तयार करतात. पण हे द्रव्य पाण्यात विरघळतं, त्यामुळे स्वच्छ आंघोळ करून गेलेल्या रुग्णाचा चट्टा चमकेलच असं नाही. दवाखान्यात जाताना अंघोळ टाळा, असं सांगायची वेळ डॉक्टरांवर क्वचितच येते. इथे ती येते.