खकाणा

निपाणीत शिरताना तंबाखूचा वास आधी येतो, गाव मागाहून दिसतं. उग्र, कोरडा, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा वास. उन्हाळ्यात तो वखारींच्या पत्र्याखालून तापून निघतो, पावसाळ्यात भिंतींच्या ओलीत मुरून राहतो. संध्याकाळी आत्ती वखारीतून परतायची तेव्हा तो तिच्या आधी उंबरा ओलांडायचा. तिच्या पदरात, केसांत, भाकरी थापणाऱ्या हातांच्या रेषांत बारीक खकाणा असायचा, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की मला शिंक यायची. ती हसायची. माझं सगळं बालपण त्या शिंकेत आहे, असं आता वाटतं.

पण हे कागदावर यायला मला पुण्याला जावं लागलं. तिथल्या व्यावसायिक लेखनाच्या वर्गात बाईंनी माझा एक परिच्छेद वाचला आणि मान वर न करता विचारलं, “इथं वास कसला येतो?” परिच्छेदात कष्ट होते, सीमाभाग होता, १९८१ चं तंबाखू आंदोलनही होतं; शरद जोशींच्या हाकेला ओ देऊन महामार्गावर बसलेले शेतकरी, एप्रिलमधला गोळीबार, गेलेले जीव. सगळं खरं होतं. तरी ते वाचताना कुणाला शिंक येत नव्हती.

मुदत पाळणं, शब्दमर्यादेत मावणं, वाक्य मोठ्यानं वाचून त्याचा फुगवटा काढणं, हे तर तिथं शिकलेच. पण मला जिवाभावाचा वाटतो तो वस्तूपाशी थांबायचा धीर. सूप पुढ्यात घेऊन विड्या वळणारी बाई दिसली की आता मी तिच्या बोटांकडे बघत राहते. पान कसं कातरलं जातं, चिमूटभर जर्दा कसा पसरतो, दोऱ्याचा वेढा कसा बसतो. तेवढं नीट उतरलं की कळवळा वाचणाऱ्याच्या मनात आपला आपण येतो. येतोच.

गावी परतल्यावर महादेव मोरे पुन्हा काढले. कधीकाळी टॅक्सी चालवलेले, मग निपाणीत पिठाची गिरणी सांभाळत लिहीत राहिलेले मोरे. वखारीतल्या बाया, गॅरेजवरची पोरं, ड्रायव्हर, देवदासी त्यांच्या कथांत आल्या त्या आपल्या बोलीसकट, घामासकट. पुण्याच्या वर्गात जे हाती लागलं ते माझ्याच गावात, दळणाच्या घरघरीत, कधीचं लिहिलं जात होतं. वाचता वाचता भरून आलं. वर्गानं मला मोरे वाचायची नजर दिली, आणि माझ्या लेखी ही त्याची सर्वांत मोठी देणगी.

परवा आत्ती म्हणाली, “काय लिवलंस गं? वाचून दाखीव की.” डोळे मिटून तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, “आत शिरायच्या आधी तोंडाला फडकं बांधावं लागतंय. त्ये ऱ्हायलं बघ.”

ते लिहिलं.

मोरे २०२४ साली गेले. त्यांची पुस्तकं ग्रंथालयात मागा, जुन्या दिवाळी अंकांत त्यांच्या कथा शोधा, आणि सापडली की मोठ्यानं वाचा. ती भाषा कानानं वाचायची आहे.